लांबचा रस्ता, लवकरची पोच

नमस्कार श्रोतेहो. मुलगा किंवा लेक कॅलिफोर्नियात असलेली घरं आता गल्लोगल्ली आहेत. म्हणून आज दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विमानप्रवासाविषयी बोलू.

सरळ अंतर सुमारे 12,400 किलोमीटर. सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नव्हे हं! पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. शाळाशाळांत हे पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद असतात, ते मला मुळीच पटत नाही. फुटला तर फुटू दे, पण पोरांच्या हाताला लागू दे.

तर विमान नेमकं त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. आणि रस्ता लांबला म्हणजे वेळ वाढतोच, असंही नाही. याची एक हकीकत मला फार आवडते.

साल 2016, महिना ऑक्टोबर. तोवर एअर इंडियाचं विमान दिल्लीहून पश्चिमेला निघायचं, युरोपवरून अटलांटिक ओलांडायचं. सुमारे 13,900 किलोमीटर. मग त्यांनी ठरवलं, आता पूर्वेला निघायचं, पॅसिफिकवरून जायचं. हा रस्ता 15,300 किलोमीटरचा. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि विमान पोचलं किती वेळात? साडेचौदा तासांत. नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी!

आता गंमत तारखेची. विमान सुटलं रविवारी, 16 तारखेला, पहाटे चारला. आदली रात्र कोजागरीची, म्हणजे आभाळात पूर्ण चंद्र. मसाला दूध आटवून, पिऊन मंडळी विमानतळावर आली असतील. (आटवून म्हणतोय मी. पाकिटातली पूड गरम दुधात ढवळली की झालं, हे काही खरं नाही.) विमान पूर्वेला निघालं, रविवारचा दिवस भराभर सरला, पॅसिफिकवर संध्याकाळ झाली. मग आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, म्हणजे पॅसिफिकमधली ती रेघ, जी पूर्वेला जाताना ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, आणि लागला पुन्हा शनिवार, 15 तारीख! कॅलेंडरच्या हिशेबानं कोजागरीची रात्र दुसऱ्यांदा. तीही सरली आणि सॅन फ्रान्सिस्कोत उतरले तेव्हा उजाडत होतं रविवारचं. तीच 16 तारीख, सकाळचे सहा-साडेसहा. एका प्रवासात दोन कोजागऱ्या! त्या रात्री खिडकीपाशी कोण बसलं होतं, त्यांचा मला अजून हेवा वाटतो.

दोन तास वाचले ते वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानही फिरतं. वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. पुन्हा सांगतो, वाऱ्यामुळे.

वाटेतल्या देशांचाही प्रश्न असतो. 2025 च्या एप्रिलात पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडची उड्डाणं लांबली. काहींना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या असतात. कॅलिफोर्निया आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. तेव्हा न्यायला येणाऱ्यांना नुसती वेळ कळवू नका, तिथली तारीख आणि वारही कळवा. नमस्कार.