तारांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी लढाऊ विमानांची, म्हणजे बायप्लेनची, छोटी मॉडेल्स बनवणं हा आपला आजचा विषय. मॉडेल करणाऱ्या मंडळींमध्ये एक गोष्ट मी कायम बघत आलोय. जेट विमानं, रणगाडे, जहाजं हौसेनं करणारा माणूस बायप्लेनचं किट उचलतो, खोक्यावरचं चित्र बघतो, दोन पंखांमधलं ते तारांचं जाळं बघतो आणि खोकं हळूच जागेवर ठेवतो. ‘छे, हे आपलं काम नाही!’ आणि त्यात त्याची चूक नाही. किटमधल्या कागदावर तारा म्हणजे नुसत्या रेघा असतात. कुठली तार कशासाठी, ते सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ते एकदा कळलं की निम्मं काम सोपं होतं.

डोळ्यांपुढे आणा. एकावर एक दोन पंख, मध्ये उभे लाकडी खांब. मॉडेलवाले त्यांना स्ट्रट म्हणतात. पंख म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर लिननचं कापड आणि कापडावर डोप नावाचा थर. हा डोप वाळताना आकसतो आणि कापड ताठ ओढून धरतो. सगळं कसं हलकंफुलकं, पण दोन पंख आणि दोन खांब मिळून जो चौकोन होतो, तो बाजूनं रेटला की कलंडणार. त्याचे दोन्ही कर्ण तारेनं बांधा, मग बघा, जागचा हलत नाही.

यातला एक कर्ण निघतो खालच्या पंखाच्या मुळाशी आणि जातो बाहेरच्या खांबाच्या माथ्याला. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, त्यांना आवरून धरते ती ही तार. दुसरा कर्ण बरोबर उलटा, वरून मधोमध निघून बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी जाणारा. विमान जमिनीवर उभं असताना किंवा दणकन उतरताना पंखांचा भार हिच्यावर येतो. पहिलीला उड्डाणाची तार म्हणू, दुसरीला उतरण्याची. हवेतला ताण कितीतरी मोठा, म्हणून सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानासारख्या विमानात उड्डाणाच्या तारा जोडीनं असतात आणि उतरण्याच्या एकेरी. आता खोक्यावरचं चित्र पुन्हा बघा, दोन धागे कुठे आणि एक कुठे, हे पाठ करायची गरजच नाही. पुढच्या-मागच्या खांबांमध्ये ज्या फुल्या दिसतात, त्या पंखाचा कोन राखायला.

अगदी सुरुवातीच्या विमानांत आणखी एक प्रकार होता. अमेरिकी सैन्यानं १९०९ मध्ये घेतलेलं राइट बंधूंचं विमान घ्या, किंवा ब्रिटिशांचं बी.ई.२ए. यांच्या पंखांना हलत्या झडपा नव्हत्या. वळायचं तर तारा खेचून अख्खा पंखच पिळायचा! बी.ई.२सी आलं तेव्हा झडपा आल्या. पण त्यातला निरीक्षक बसायचा पुढच्या जागेवर, वरच्या पंखाखाली, चहूबाजूंनी खांब आणि तारा. बंदूक रोखायची तरी कुठे? तारांवरून त्या काळचा एक विनोद आजही सांगतात. पंखांच्या मध्ये पक्षी सोडायचा. तो बाहेर निसटला, तर समजायचं एखादी तार बसवायची राहिलीय.

आता मापाकडे येऊ. खऱ्या विमानावरची ५ मिलिमीटरची तार १/७२ प्रमाणात ०.०७ मिलिमीटर होते, डोक्यावरच्या केसाएवढी. १/४८ ला ०.१ आणि १/३२ ला साधारण ०.१६. म्हणजे शिवणकामाचा काळा दोरा कुठल्याच मापात बसत नाही, शिवाय त्याचे तंतू फुलतात ते वेगळंच. मासे पकडायची बारीक नायलॉन दोरी किंवा मॉडेलसाठी मिळणारा लवचीक धागा, हे दोनच खरे उपयोगाचे. मी लवचीक धाग्याच्या बाजूनं आहे, चुकून बोट लागलं तरी तो परत ताठ होतो. शिवाय तो चपटाही मिळतो आणि ब्रिटिश विमानांना तोच शोभतो, कारण हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्यांच्या बऱ्याच विमानांवर चपट्या तारा असायच्या. जर्मन आणि फ्रेंच विमानांवर मात्र गोल तारदोर.

पद्धत अशी. वरचा पंख बसवण्याआधीच सगळी भोकं पाडून घ्या, ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलनं, हातानं फिरवत आणि तार ज्या दिशेला जाणार तिकडेच तिरपी. रंग आणि डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, हेही आधीच उरका. धाग्याचं टोक सुपरग्लूच्या एका कणानं वरच्या पंखाच्या भोकात पक्कं करा. मग पंख खांबांवर बसवा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत मॉडेलला हात लावू नका. नंतर मोकळं टोक खालच्या पंखातून आरपार काढा, चिमट्यानं हलकं ओढा, खालून गोंदाचा कण लावा, वाळला की पात्यानं छाटा आणि त्या ठिपक्यावर रंग द्या. दोन्ही बाजू आलटून पालटून घ्या, नाहीतर एका बाजूच्या ताणानं पंख तिरका होतो. प्लॅस्टिकला ताण फार सोसत नाही, म्हणून खऱ्या विमानात तार पंखाला धरते आणि मॉडेलमध्ये पंखच तारेला धरतो.

कॅमलची एक खोड इथेच सांगतो. त्याचा वरचा पंख सरळ सपाट आहे, कारखान्यात बनवायला सोपा जावा म्हणून. ती कसर भरून काढायला खालचे पंख टोकांकडे जास्त वर उचललेत, साधारण ५ अंश. त्यामुळे समोरून बघितलं तर दोन पंखांमधलं अंतर मधोमध जास्त आणि टोकांकडे कमी. हा निमुळतेपणा जमला नाही, तर तारा कितीही सुबक ओढा, ते कॅमल वाटत नाही. कोरड्या जुळणीतच, म्हणजे गोंद न लावता भाग जोडून बघताना, समोरून डोळा लावून बघा.

रंगावरून तर मंडळी हमरीतुमरीवर येतात. ब्रिटिश विमानांचा पीसी१० नावाचा रंग हिरवा की तपकिरी? पिवळसर मातीचा रंग आणि काजळी यांचं ते मिश्रण, त्यामुळे छटा मागेपुढे व्हायचीच. मी तपकिरीकडे झुकणारा हिरवा लावतो आणि वाद टाळतो. जर्मनांनी युद्धाच्या उत्तरार्धात बहुकोनी ठिपक्यांचं छापील कापडच वापरलं, रंगाचं वजनही वाचलं आणि वेळही. मॉडेलवर त्यासाठी डिकॅलचे पट्टे मिळतात. वरच्या बाजूला गडद, खालच्या बाजूला फिके, हे उलटसुलट होऊ देऊ नका.

आणि एक तक्रार. कित्येक किटांत पंखांचं कापड फासळ्यांच्या मध्ये खोलगट दाखवलेलं असतं, जणू ओल्या चादरी वाळत घातल्यात. डोप लावलेलं कापड असं लोंबत नाही. बारीक पॉलिश पेपरनं ते उंचवटे खुशाल उतरवा. तेलाचे डागही विचार करून द्या. कॅमलच्या इंजिनात सिलिंडरच प्रोपेलरबरोबर गरगर फिरायचे आणि त्यातलं एरंडेल पोटाखाली फवारलं जायचं, तिथे डाग हवेतच. एस.ई.५ए या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं इंजिन पाण्यावर थंड होणारं, जागच्या जागी राहणारं. तिथे एरंडेलाचा ओघळ काढाल तर जाणकार हसतील.

सुरुवात कशानं करावी? जर्मनांच्या फोकर डी.७ नं. त्याचे पंख जाड आणि आतूनच भक्कम, दोन पंखांमध्ये एकही तार नाही. त्यावर पंख जुळवायचा हात बसला की एस.ई.५ए घ्या. जुलै १९१८ मध्ये भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी ब्रिटिशांच्या ४० स्क्वाड्रनमधून याच प्रकारच्या विमानावरून १० हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्यात ते लढताना मारले गेले. या विमानाचा एक अस्सल नमुना, एफ९०४, इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात आहे. त्याची फोटोंमधली एकेक तार मोजून घेता येते. कॅमल त्यानंतर. बी.ई.२सी मात्र सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या दर बाजूला खांबांच्या दोन जोड्या आहेत, म्हणजे तारांचा हिशेबही दुप्पट.

नमस्कार.