यादीतून सुटला, चिठ्ठीत अडकला : थायलंडमधला गांजा

[दृश्य : बँकॉक, खाओसान रस्ता, रात्र. काउंटरवर काचेच्या बरण्या, बाजूला वजनकाटा.]

९ जून २०२२. या दिवशी थायलंडनं गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. गांजाच्या गुन्ह्यांत अडकलेले तीन हजारांहून अधिक कैदी तुरुंगातून सुटू लागले. आणि त्या दिवशी गांजा कुणी विकायचा, कुणाला विकायचा, किती आणि कुठं, हे सांगणारा एकही नियम देशात लागू नव्हता.

असं कसं झालं, हे समजून घेतलं की पुढची तीन वर्षं चाललेला बंदीचा वाद नीट कळतो.

गांजा थायलंडला नवा नाही. नूडल्सच्या रश्श्यात त्याचं पान पडायचं, जुन्या वैद्यांच्या काढ्यांत तो असायचा. १९३४ साली त्याच्यावर बंदी आली आणि १९७९ च्या अमली पदार्थ कायद्यानं त्याला पाचव्या वर्गात बसवलं. डिसेंबर २०१८ मध्ये लष्करानं नेमलेल्या विधिमंडळानं औषधी वापराला परवानगी दिली. आग्नेय आशियात हे पाऊल उचलणारा थायलंड पहिला.

तीन महिन्यांनी निवडणूक आली. भूमजैथाई पक्षाचे नेते अनुतिन चार्नविराकुल यांनी मतदारांना सांगितलं, घरटी सहा झाडं लावा आणि कमवा. पक्षाचा बालेकिल्ला म्हणजे ईशान्येकडचा बुरिराम प्रांत. तिथला शेतकरी भातावर जगणारा, त्यामुळे नगदी पिकाचं आश्वासन त्याला भावलं. पक्ष सत्तेच्या आघाडीत आला आणि अनुतिन आरोग्यमंत्री झाले.

[दृश्य : थाई राजपत्राचं पान. तारखेवर कॅमेरा थांबतो.]

डिसेंबर २०२१ मध्ये नवी अमली पदार्थ संहिता लागू झाली. पाचव्या वर्गात काय येतं हे सांगताना तिनं अफूचं नाव ठेवलं, गांजाचं गाळलं. वर्गात काय ठेवायचं याची यादी आता आरोग्यमंत्र्यांच्या अधिसूचनेवर आली. ती अधिसूचना ९ फेब्रुवारी २०२२ रोजी राजपत्रात छापली गेली आणि १२० दिवसांनी अमलात येणार होती. हे १२० दिवस संसदेला गांजाचा स्वतंत्र कायदा करता यावा म्हणून होते.

कायदा झाला नाही. विधेयकाचं पहिलं वाचन ३७३ विरुद्ध ७ मतांनी पार पडलं, पण ते ८ जूनला, म्हणजे गांजा मोकळा होण्याच्या आदल्या दिवशी. सप्टेंबरमध्ये सभागृहानं १९८ विरुद्ध १३६ मतांनी ते दुरुस्तीसाठी परत पाठवलं. मार्च २०२३ मध्ये संसद बरखास्त झाली आणि विधेयक तिथंच संपलं. निवडणूक तोंडावर असताना भूमजैथाईच्या पदरात यश टाकायला बाकीचे पक्ष तयार नव्हते. मसुद्यातल्या उणिवा खऱ्या होत्या, पण अडलं ते श्रेयावरून.

मग ठिगळं लागायला सुरुवात झाली. गांजा मोकळा झाल्यावर आठवड्याभरात बँकॉकचे राज्यपाल चाडचार्ट सित्तिपुंट यांनी महानगराच्या शाळांमध्ये गांजाला मनाई केली. आरोग्य खात्यानं गांजाचा धूर आणि वास सार्वजनिक उपद्रव ठरवला : तीन महिन्यांपर्यंत कैद, २५ हजार बाटपर्यंत दंड. मग गांजाला ‘नियंत्रित वनौषधी’ म्हणून घोषित केलं. त्यासाठी वापरलेला कायदा होता १९९९ चा, पारंपरिक थाई वैद्यकाच्या ज्ञानाचं रक्षण करण्यासाठी केलेला. वीस वर्षांखालील मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना गांजा विकायचा नाही, असं त्याखाली ठरलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रेत्यांना परवाना सक्तीचा झाला. ऑनलाइन विक्री, जाहिरात आणि व्हेंडिंग मशीन बंद. दुर्मीळ जडीबुटी जपायचा कायदा आता रात्री दोनपर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानांवर देखरेख करत होता.

[दृश्य : सुखुमवित. हिरव्या पानाच्या निऑन पाट्या. एका दारावर ‘वीस वर्षांखालील प्रवेश नाही’.]

या ठिगळांत एक मोठं भोक होतं, आणि ते आकड्यातच होतं. अधिसूचनेनुसार टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, वजनाच्या ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो अर्क अमली पदार्थ. ही मर्यादा फक्त अर्काला. सुकवलेल्या फुलाला ती लागूच नव्हती. दुकानातल्या बरणीतलं फूल २० टक्के टीएचसीचं असलं तरी चालायचं, आणि अर्ध्या टक्क्याची तेलाची बाटली सापडली की गुन्हा. फुलाची ताकद तपासून लेबलवर छापायची सक्ती नाही, म्हणून बरणीवरचा आकडा दुकानदार सांगेल तो.

डॉक्टरांचा राग इथं होता. रामाथिबोडी रुग्णालयाशी जोडलेल्या तेराशेहून अधिक डॉक्टरांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ही कायद्याची पोकळी बंद करा अशी मागणी सह्या करून केली. बालरोगतज्ज्ञ त्याआधीपासूनच इशारे देत होते. त्यांची सर्वांत मोठी काळजी खाण्याच्या पदार्थांची होती, आणि तिचं कारण शरीरशास्त्रातलं आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, तेव्हा माणसाला थांबायचं कळतं. खाल्लेला गांजा पोटातून यकृतात जातो आणि चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. पहिल्या तुकड्यानं काही झालं नाही म्हणून माणूस दुसरा खातो, मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, उलट्या होतात, जीव घाबरा होतो. मोठा माणूस बहुधा झोपून उठला की सावरतो. लहान मुलानं बिस्किट किंवा गोळी समजून खाल्लं तर ते गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो, आणि त्याला लगेच रुग्णालयात न्यावं लागतं.

कच्च्या पानाचं प्रकरण निराळं. झाडात टीएचसी आम्लरूपात असतो आणि त्या रूपात तो नशा आणत नाही. उष्णता दिली की आम्लाचं टीएचसी होतं. म्हणून कच्चं पान चघळणं आणि तेच पान तुपात किंवा तेलात तापवून खाणं यांत फरक पडतो. हा फरक सांगणारी पाटी त्या उन्हाळ्यात किती उपाहारगृहांनी लावली असेल, सांगायलाच नको.

[दृश्य : ईशान्य थायलंड. जाळीच्या शेडमधली झाडं, वाळवणीच्या दोऱ्या, छताला लावलेला पंखा.]

आता शेतकऱ्याकडे वळू, कारण बंदीच्या वादात त्याचंच नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं.

सरकारनं दहा लाख रोपं फुकट वाटायची घोषणा केली होती. लागवडीची नोंद करणाऱ्या ॲपवर दहा लाखांहून जास्त लोकांनी नावं घातली. थाई चेंबर ऑफ कॉमर्स विद्यापीठाचा अंदाज होता की २०२५ पर्यंत हा धंदा १.२ अब्ज डॉलरवर जाईल. रोप लावणं सोपं. अडचण येते तोडणीनंतर. थायलंडची हवा दमट असते. फुलोरा दाट असेल आणि पाऊस लागला तर आतून करडी बुरशी धरते, वरून दिसतही नाही. तोडलेली फुलं साधारण १८ ते २० अंश तापमानाला, साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत दहा-चौदा दिवस सावलीत वाळवावी लागतात. घाई करून उन्हात टाकली तर वास उडतो आणि फूल चुरा होतं. हयगय केली तर डब्यात बुरशी येते. वातानुकूलित खोली आणि हवेतला ओलावा शोषणारं यंत्र असलेल्या माणसालाच बँकॉकच्या दुकानाला लागतो तसा माल देता येतो. घरामागं सहा झाडं लावणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

त्यात परदेशी माल चोरून येऊ लागला. आयात बेकायदा होती, पण बरणीतलं फूल कुठल्या मातीतलं हे विचारणारं कुणी नव्हतं. दुकानं वाढत वाढत अठरा हजारांच्या घरात गेली आणि भाव कोसळले. बुरिरामच्या शेतकऱ्याच्या नावानं मोकळा झालेला गांजा शेवटी पर्यटक असलेल्या गल्ल्यांतल्या दुकानदारांचा झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतः अनुतिन एका मुलाखतीत म्हणाले होते की नशेसाठी येणारे पर्यटक आम्हाला नकोत. ते येतच राहिले.

[दृश्य : २०२३ च्या निवडणुकीचे फलक. नंतर सरकारी कचेरीबाहेर आंदोलक, हातात हिरवे झेंडे.]

मे २०२३ च्या निवडणुकीत गांजा पुन्हा मुद्दा झाला, या वेळी उलट्या बाजूनं. सर्वाधिक जागा जिंकलेल्या मूव्ह फॉरवर्ड पक्षानं आठ पक्षांच्या आघाडीचा जो करार केला, त्यात गांजा परत अमली पदार्थांच्या यादीत टाकायचं कलम होतं. ती आघाडी सत्तेवर आलीच नाही. फ्यू थाई पक्षानं सरकार बनवलं आणि सोबतीला घेतलं भूमजैथाईला. यादीत परत टाकणार म्हणणारा आणि यादीतून काढणारा, असे दोघे एकाच मंत्रिमंडळात बसले.

मे २०२४ मध्ये पंतप्रधान श्रेथा थाविसिन यांनी जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत गांजा पाचव्या वर्गात परत जाईल. आरोग्य खात्यानं हरकती-सूचना मागवल्या. लाखाहून जास्त प्रतिसाद आले आणि सुमारे ऐंशी टक्के बंदीच्या बाजूनं होते. अर्थात ही जनमत चाचणी नव्हती. ज्याला हवं त्यानं मत नोंदवलं. शेतकरी आणि दुकानदार बँकॉकमध्ये उपोषणाला बसले. आमचं भांडवल अडकलंय, नियम करा पण गुन्हेगार ठरवू नका, हे त्यांचं म्हणणं. दुकानाचा परवाना तीन वर्षांचा होता. त्या हिशेबानं भाड्याचे करार झाले होते, कर्जं घेतली होती. मंत्रिमंडळातून अनुतिननीही विरोध केला. जुलैमध्ये सरकार मागं आलं : यादी नको, कायदा करू. ऑगस्टमध्ये घटनात्मक न्यायालयानं वेगळ्याच प्रकरणात श्रेथांचं पद काढून घेतलं आणि विषय बाजूला पडला.

तो परत आला जून २०२५ मध्ये. कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं तत्कालीन थाई पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांचं फोनवरचं बोलणं फुटलं आणि १८ जूनला भूमजैथाईनं पाठिंबा काढला. आठवडाभरात फ्यू थाईचे आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुतिन यांनी नव्या अधिसूचनेवर सही केली. २६ जूनपासून ती लागू झाली. ही वेळ योगायोगाची होती असं मानणारा बँकॉकमध्ये विरळाच.

[दृश्य : दुकानात भरला जाणारा अर्ज. बाजूला पासपोर्ट.]

अधिसूचना म्हणते काय? गांजाचं फूल नियंत्रित वनौषधीच राहील, पण विकायचं फक्त चिठ्ठीवर. ही चिठ्ठी सात प्रकारचे लोक देऊ शकतात : डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माते, थाई पारंपरिक वैद्य, उपयोजित थाई वैद्य, चिनी वैद्य आणि मान्यताप्राप्त लोकवैद्य. एका वेळी तीस दिवस पुरेल इतकाच माल. दुकानात बसून ओढायचं नाही. दुकानानं माल घ्यायचा तो प्रमाणित शेतातूनच. जड धातू, बुरशी आणि कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी त्या प्रमाणपत्राशी जोडलेली आहे. नियम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार बाटपर्यंत दंड.

लोक याला बंदी म्हणतात. यादी बघितली तर गांजा आजही अमली पदार्थांत नाही. पोलिसांनी खिशातलं फूल पकडलं तर अमली पदार्थ संहिता लागत नाही. कचाट्यात येतो तो विक्रेता. चिठ्ठीचा खरा दरवाजा तर रुंदच आहे. दुखतं, झोप येत नाही, एवढं सांगून चिठ्ठी मिळू शकते, आणि सातांपैकी एकाला दुकानातच खुर्ची देता येते. मोठ्या दुकानाला तो पगार परवडतो. प्रमाणपत्राचा खर्च मोठ्या शेताला परवडतो. हे न परवडणारा पुन्हा बुरिरामचा छोटा शेतकरी आणि गल्लीतलं छोटं दुकान.

बंदीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही : मुलांपर्यंत माल पोचला, तपासणी झाली नाही, परदेशी विमानतळांवर थायलंडहून आलेल्या बॅगा पकडल्या जाऊ लागल्या. पण यातली प्रत्येक गोष्ट रोखणारा नियम २०२२ मध्येच करता आला असता. कॅनडानं २०१८ मध्ये आधी कायदा केला : जवळ ३० ग्रॅम, घरी चार झाडं, पाकिटावर ताकदीचा आकडा, आणि मग दुकानं उघडली. थायलंडनं दुकानं आधी उघडली. जे एका मंत्र्याच्या सहीनं आलं ते दुसऱ्याच्या सहीनं आवळलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अनुतिन स्वतः पंतप्रधान झाले आणि चिठ्ठीचा नियम त्यांनीही तसाच ठेवला.

[दृश्य : मुंबई, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. सामानाचा पट्टा.]

आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्यांसाठी थोडं. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमधून मुंबई कस्टम्सनं गेल्या काही वर्षांत वारंवार ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडला आहे. मातीऐवजी पोषक द्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला हा माल निर्वात पिशव्यांत, खाऊच्या पाकिटांत लपवलेला असतो. आणणारा बऱ्याचदा फुकटच्या सहलीच्या बदल्यात बॅग उचलणारा तरुण असतो. १९८५ चा भारतीय कायदा माती आणि पाणी असा फरक करत नाही, फुलोरा म्हणजे गांजा. एक किलोपेक्षा कमी असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. एक किलोपासून वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं, आणि जामीन मिळणं फार कठीण. थाई चिठ्ठी इथं चालत नाही, आणि परवान्याशिवाय फूल देशाबाहेर नेणं हा तिथंही गुन्हाच आहे.