तक्रार केल्यावर नोकरी जात नाही. मग काय जातं?

नमस्कार. नोकरदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या या खुर्चीत बसण्याआधी मी अकरा वर्षं एचआरमध्ये होते. म्हणजे टेबलाच्या पलीकडे. त्यामुळे आजचा विषय जरा चोरट्या मनानंच मांडतेय.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : कंपनीविरुद्ध लेखी तक्रार केली तर काढून टाकतील का?

सहसा नाही काढत. काढलं तर 'तक्रार केली म्हणून काढलं' असं कोर्टात सरळ म्हणता येतं, आणि वकील कंपनीला ती चूक करू देत नाही. जे होतं ते गुपचूप होतं. मीटिंगचं इन्व्हाइट येईनासं होतं. क्लायंट कॉलवर दुसऱ्याला बसवतात. जेवायला बोलावणारेही हळूहळू डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागतात. आणि मग मार्च येतो, वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, म्हणजे अप्रेझलचा.

एका मुलीची अप्रेझल शीट मला अजून आठवते. तीन वर्षं रेटिंग 'चार'. चौथ्या वर्षी 'दोन'. शेरा एका ओळीचा : 'टीमशी जुळवून घेत नाही.' तिनं जानेवारीत मॅनेजरविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती, चौकशी चालू होती, आणि हा शेरा लिहिणारा मॅनेजर तोच. शीट सिस्टीममध्ये सबमिट केली मी.

आता ऐका. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखालचा नियम 8 नेमका यासाठीच आहे. चौकशी चालू असताना आरोपीनं तिच्या कामाचं मूल्यमापन करू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस तक्रारीची चौकशी करणारी समिती करू शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत जास्तीची रजाही मिळू शकते. पण हे सगळं तिनं लेखी मागितलं तरच! तिला हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

दुसरं हत्यार म्हणजे बदली. पंजाब अँड सिंध बँकेचं प्रकरण बघा. इंदूर शाखेतल्या चीफ मॅनेजर बाईंनी दारू ठेकेदारांच्या खात्यांमधले गैरप्रकार वर कळवले, वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रारही केली. डिसेंबर 2017 मध्ये त्यांची बदली झाली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा गावच्या शाखेत. बाई स्केल चारच्या (स्केल म्हणजे अधिकाऱ्याची श्रेणी, आकडा मोठा तितकी वरची), आणि जागा स्केल एकच्या अधिकाऱ्याची! फेब्रुवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा सूड असल्याचं म्हटलं, त्यांना इंदूरला परत नेमायला सांगितलं आणि वर 50 हजारांचा खर्च द्यायला लावला. जिंकल्या. पण मधली दोन वर्षं कोण भरून देणार? आणि त्या तर बँकेच्या अधिकारी होत्या. हिंजवडीतल्या करारावरच्या मुलानं एवढं लढायचं कुठून?

पैशाचे घोटाळे असतील आणि कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 177 प्रमाणे तिथे 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवायची ठरलेली व्यवस्था, असावाच लागतो. तशीच वेळ आली तर थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे जाता येतं. कागदावर तरी वाट आहे.

पुढच्या नोकरीची भीती मात्र निम्मी फुगवलेली असते. तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, एवढंच दिसतं. तक्रार दिसत नाही. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नाही, तर पीएफच्या शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हीच पीएफ पोर्टलवर टाकू शकता. उरलेली निम्मी भीती खरी आहे. 'अरे, तो तुझ्याकडे होता ना, कसा आहे रे?' या फोनची नोंद कुठेच होत नाही. त्यावर माझ्याकडे एकच उतारा आहे : तुमच्याबद्दल चांगलं बोलतील अशा दोघातिघांचे नंबर आधीच जपून ठेवा. मागच्या वर्षांच्या रेटिंगच्या प्रती, शाबासकीचे मेलही. ऑफिसचं लॉगिन एका दुपारीत बंद होतं. क्लायंटची कागदपत्रं मात्र घरी नेऊ नका, त्याचीच तक्रार उलट तुमच्यावर होईल.

आणि शेवटी एचआरचा गोड आवाजातला फोन येतो. 'तुमच्याच भल्यासाठी सांगतेय, सोडून द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ.' पाठोपाठ राजीनाम्याचा तयार मसुदा येतो. त्यात तीन शब्द असतात : 'वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा'. मी असे मसुदे शेकड्यानं पाठवलेत. सही करण्याआधी ते 'वैयक्तिक' खोडून खरं कारण लिहा, आणि तो मेल स्वतःच्या पत्त्यावरही पाठवा.