१८८ टनांचा हट्ट

मंडळी, बडोद्याला न लढणाऱ्या शस्त्रांचं काही वावडं नाही. मल्हारराव महाराजांच्या सोन्याच्या तोफा बैलांनी ओढायच्या त्या मिरवणुकीत. त्या मिरवायच्याच होत्या. जून १९४२ मध्ये हिटलरने मोटारींचे अभियंते फर्डिनांड पोर्शे यांच्याकडून जो रणगाडा मागवला, तो मात्र खरोखर लढायला हवा होता.

‘माउस’ असं त्याचं नाव पुढे पडलं. बेत होता १०० टनांचा. मग तोफ ठरली १२८ मिलिमीटरची आणि तिच्या शेजारी ७५ ची आणखी एक. त्यासाठी बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, वाढला, तो एकटाच ५० टनांपलीकडे गेला. समोरचं चिलखत २०० मिलिमीटर. असं करत करत वजन १८८ टनांवर पोचलं. ज्याच्या नावाने दोस्त सैनिकांची गाळण उडायची, तो जर्मनांचाच टायगर रणगाडा ५७ टनांचा होता!

हे धूड हलवायचं कसं? पोर्शेंनी इंजिनाला जनरेटर जोडला आणि त्या विजेवर दोन मोटरी चालवल्या, चाकांभोवती फिरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना एकेक. डोकं चाललं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पण जनरेटर आणि मोटरी म्हणजे मणामणाने तांबं, आणि जर्मनीत तांब्याचीच टंचाई. एवढं करून चाचणीत वेग मिळाला ताशी १३ किलोमीटरच्या आसपास.

रुंदी ठरवली रेल्वेने. वाटेतल्या बोगद्यांतून जायचं तर ३.७ मीटरच्या आत राहणं भाग. त्यातही वजन पेलणाऱ्या पट्ट्या प्रत्येकी १.१ मीटरच्या, म्हणजे खाली दोन पट्ट्यांच्या मधे उरला जेमतेम दीड मीटर. वाहून न्यायला १४ आसांची खास वाघीण बांधावी लागली.

खरी गंमत पुलांची. एवढं वजन बहुतेक पुलांना झेपणारं नव्हतं, म्हणून ठरलं की नदी तळातून ओलांडायची. पाण्याखाली इंजिनाला हवा कुठून मिळणार? मग काठावर दुसरा माउस उभा करायचा आणि केबलने पहिल्याला वीज पुरवायची. पहिला पलीकडे पोचला की त्याने दुसऱ्याला. आता पावसाळ्यातली आपली बडोद्याची विश्वामित्री नदी डोळ्यांसमोर आणा. मगरी सोडा हो, पण गाळात रुतला तर त्याला ओढणार कोण? आणखी एक माउसच!

१९४३ च्या अखेरीस उत्पादनाचा हुकूम रद्द झाला. तोवर रशियन कारखान्यांतून टी-३४ रणगाडे हजारोंनी बाहेर पडत होते. माउस तयार झाले दोनच, आणि खरा बुरूज बसला त्यातल्या एकावर. तो १९४५ मध्ये जर्मनांनीच सुरुंगाने उडवला. रशियनांनी त्याचा वाचलेला बुरूज दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढवला. हा जोडरणगाडा आज मॉस्कोजवळ कुबिंकाच्या संग्रहालयात आहे. नुसता बुरूज उतरवून ओढायला त्यांना पकडलेली सहा जर्मन ओढवाहनं जुंपावी लागली होती.