छेदात काय आहे?

विद्यार्थी मित्रहो, अर्थशास्त्र, व्यवसाय गणित आणि सांख्यिकी या तिन्ही पेपरांत सरावाची उदाहरणं असतात आणि तिन्हींत मार्क जातात ते बहुधा एकाच ठिकाणी. बेरीज-गुणाकार फारसे चुकत नाहीत. आता ते काम मोबाईलच करतो. चुकतं ते हे, की भागायचं कशाने. म्हणून आज सूत्रांची यादी देत नाही. आपल्याकडच्याच मालावरची तीन-चार उदाहरणं घेऊ आणि प्रत्येक वेळी छेदाकडे बोट ठेवू. आकडे सरावासाठी सोयीचे धरले आहेत, आजचे बाजारभाव म्हणून ते वापरू नका.

अगदी सोपं आधी. तूर ७,५०० रुपये क्विंटलने घेतली आणि डाळीचा उतारा ७० टक्के (शंभर किलो तुरीतून ७० किलो डाळ) धरला, तर एक क्विंटल डाळीला तुरीचा खर्च किती? वर्गात निम्मे हात ९,७५० ला वर होतात. तीस टक्के घट आहे, म्हणून तीस टक्के वाढवले. पण ती घट तुरीवरची आहे, डाळीवरची नाही. ७,५०० भागिले ०.७०, म्हणजे १०,७१४ रुपये. क्विंटलमागे ९६४ रुपयांचा फरक, आणि तोही फक्त टक्केवारी कशाची हे न विचारल्यामुळे. चुनी-कोंड्याचे पैसे यातून वजा होतील, पण तो पुढचा हिशेब. कापसाचंही असंच. रुईचा उतारा ३४ टक्के धरला, तर १७० किलोच्या एका गाठीला ५०० किलो कापूस लागतो. १७० मध्ये ६६ टक्के मिळवून ते उत्तर कधीच येणार नाही.

आता मिनी डाळ मिल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ही मिल विदर्भात अनेक गावांत दिसते, म्हणून उदाहरणाला बरी. गिरणी मजुरीवर डाळ करून देते, क्विंटल तुरीला ६०० रुपये. वर्षाचा स्थिर खर्च असा: घसारा २०,०००, कर्जाचं व्याज २२,०००, शेडचं भाडं १८,०००, मिस्त्रीचा ठरलेला पगार २४,०००. एकूण ८४,०००. क्विंटलमागे बदलता खर्च: वीज ६०, मजुरी १३०, तुरीला लावायचं तेल ४०, सुतळी-पोतं २०. एकूण २५०.

ना नफा ना तोटा बिंदू कुठे? ८४,००० भागिले ६०० केलं तर १४० क्विंटल येतात. तपासून पाहा: १४० क्विंटलला ८४,००० रुपये आले खरे, पण वीज, मजुरी, तेल यांचे ३५,००० कोण देणार? स्थिर खर्च फेडायला प्रत्येक क्विंटलमागे उरतात ते ६०० वजा २५०, म्हणजे ३५०. यालाच अंशदान म्हणतात आणि छेदात तेच हवं. ८४,००० भागिले ३५०, म्हणजे २४० क्विंटल. दिवसाला सहा क्विंटल निघाले तर चाळीस दिवस. हे चाळीस दिवस तुरीच्या हंगामात बसतात का, वीज रोज तेवढे तास राहते का, हे उत्तराखाली एका ओळीत लिहा. परीक्षकाला ते दिसलं पाहिजे.

आणखी एक फसगत गावाकडे नेहमीची. मजुरी घरचीच, म्हणून ती खर्चात धरलीच नाही. मग अंशदान ४८० आणि बिंदू १७५ क्विंटल. गणितात चूक नाही. फक्त त्या १७५ क्विंटलपर्यंत घरची माणसं फुकट राबली, हे उत्तरात कुठे दिसत नाही. शेतमालाच्या उत्पादन खर्चावर ए२ (शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च), ए२ अधिक कौटुंबिक श्रम आणि सी२ (त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही धरून) असा जो वाद चालतो, त्यातला पहिला प्रश्न हाच आहे.

लवचिकतेकडे येऊ. भाव एक टक्का बदलला तर मागणी किती टक्के बदलते, ती लवचिकता; वजा चिन्ह सोडून ती एकाहून जास्त असेल तर मागणी लवचिक, कमी असेल तर अलवचिक. आठवडी बाजारात संत्री ४० रुपये किलोने १०० किलो विकली जातात, ३० ने १४० किलो. भाव उतरताना मोजलं, तर मागणी ४० टक्के वाढली, भाव २५ टक्के घटला. लवचिकता वजा १.६. तेच आकडे उलटे, म्हणजे भाव ३० वरून ४० ला चढताना मोजले, तर मागणी २८.५७ टक्के घटली, भाव ३३.३३ टक्के वाढला. लवचिकता वजा ०.८६. एकच बाजार, तेच दोन बिंदू, आणि एकदा मागणी लवचिक, एकदा अलवचिक! कारण छेद बदलला. म्हणून मध्यबिंदू पद्धत: बदलाला सरासरीने भागा. ४० भागिले १२० आणि १० भागिले ३५, उत्तर वजा १.१७, कुठूनही मोजा. पडताळा सोपा आहे. एकूण विक्री ४,००० वरून ४,२०० झाली, म्हणजे मागणी लवचिक.

पण विक्री वाढली म्हणून भाव उतरवावा का? माल २२ रुपयांनी पडला असेल, तर ४० ला नफा १,८०० आणि ३० ला १,१२०. लवचिकता विक्रीबद्दल बोलते, नफ्याबद्दल नाही. ‘म्हणून विक्रेत्याने भाव कमी करावा’ ही ओळ उत्तरपत्रिकेत बिनधास्त लिहिली जाते आणि तिथेच मार्क जातात.

आता रिग्रेशन, म्हणजे आकड्यांतून सर्वांत जवळची सरळ रेषा काढणं. याला जरा वेळ देऊ. पाच दिवसांची सोयाबीनची आवक शेकडा क्विंटलमध्ये: २, ४, ६, ८, १०. क्विंटलचा भाव रुपयांत: ४,७००, ४,६५०, ४,५००, ४,४५०, ४,३००. सरासरी आवक ६, सरासरी भाव ४,५२०. विचलनं, म्हणजे प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक, काढा. त्यांच्या गुणाकारांची बेरीज वजा २,०००, आवकेच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४०, भावाच्या विचलनांच्या वर्गांची १,०३,०००.

आवकेवरून भाव सांगायचा, तर छेदात आवक: वजा २,००० भागिले ४०, उतार वजा ५०. समीकरण: भाव = ४,८२० − ५० × आवक. भावावरून आवक सांगायची, तर छेदात १,०३,००० आणि उतार वजा ०.०१९४. पहिलं समीकरण उलटं करून वजा ०.०२ लिहू नका. दोन्ही रेषा एक होतात ते फक्त सगळे बिंदू नेमके एका रेषेवर असतील तेव्हाच. एक्सेलच्या ‘स्लोप’मध्ये आधी य, मग क्ष द्यावा लागतो. उलटं दिलं तर तक्रार न करता वजा ०.०१९४ हातात येतं.

पडताळा म्हणून अवशेष, म्हणजे खरा भाव वजा रेषेवरचा भाव, काढा: वजा २०, ३०, वजा २०, ३०, वजा २०. बेरीज शून्य यायलाच हवी. वर्गांची बेरीज ३,०००. तिला पाचने नाही, तीनने भागायचं, कारण उतार आणि स्थिरांक काढण्यात दोन खर्ची पडले. १,००० चं वर्गमूळ ३१.६, त्याला ४० च्या वर्गमुळाने भागलं की उताराची प्रमाण त्रुटी (उताराच्या अंदाजातली अनिश्चितता) ५. उताराला तिने भागलं की टी येतो वजा १०. तीन स्वातंत्र्यांशांना (पाचातून दोन गेल्यावर उरलेले तीन) पाच टक्के पातळीवर कोष्टकातली किंमत ३.१८, म्हणजे उतार शून्य नाही. आर-स्क्वेअर, म्हणजे भावातल्या चढउताराचा रेषेने समजणारा भाग, ०.९७.

इथे पेन खाली ठेवू नका. ५० रुपये हे शंभर क्विंटलमागे आहेत; क्विंटलमागे पन्नास पैसे. ४,८२० हा शून्य आवकेचा भाव नव्हे, त्या दिवशी लिलावच नसतो. आणि आवक ९,७०० क्विंटल घातली, तर भाव वजा ३० रुपये येतो! रेषा २०० ते १,००० क्विंटलपुरतीच आहे.

याहून मोठी अडचण ओलाव्याची. काढणीनंतर आवक वाढते, तेव्हाच मालात ओलावाही जास्त असतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या खरिपात ती १५ पर्यंत शिथिल करावी लागली. मग भाव उतरला तो आवकेने की ओलाव्याने? आपल्या तक्त्यात ओलाव्याचा रकानाच नाही, म्हणून त्याचाही दोष आवकेच्या उतारात जमा होतो आणि ५० हा आकडा फुगलेला असू शकतो. शिवाय भाव पडला की शेतकरी माल घरी ठेवतो, म्हणजे आवकही भावावर अवलंबून.

ओलावा घातला, तर पाच दिवसांच्या आकड्यांत छेदाला फक्त दोन उरतात आणि कोष्टकातली किंमत ४.३० वर जाते. तेव्हा प्रकल्पासाठी बाजार समितीचे आकडे उतरवाल तेव्हा किमान तीस-चाळीस दिवस घ्या, सुट्टीचे दिवस शून्य आवक म्हणून लिहू नका, आणि कमाल-किमान नव्हे, सर्वसाधारण भावाचा रकाना वापरा. ओलावा त्या तक्त्यात बहुधा सापडणार नाही. तो मोजमापाच्या वेळी उभं राहून लिहून घ्यावा लागेल.