लांबीला लगाम, रुंदी मोकाट

गाड्या मोठ्या झाल्या म्हणताना आपली नजर लांबीवर जाते. भारतात खरी अडचण झाली ती आडव्या वाढीने. १९८६ची मारुती ८०० ३३३५ मिलिमीटर लांब आणि १४४० रुंद होती. आजची नेक्सॉन ३९९५ लांब आणि १८०४ रुंद आहे. आता ३९९५ हा आकडा काही इंजिनीअरने ठरवलेला नाही, तो कराने ठरवला. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलवर १२०० आणि डिझेलवर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आणलं. सप्टेंबर २०२५पासूनच्या जीएसटीतही तीच रेघ आहे: आत १८ टक्के, बाहेर ४०. डिकी छाटलेल्या सेडान ही या रेघेचीच पैदास. रुंदीबद्दल मात्र हा नियम अवाक्षर काढत नाही. जपानने केई गाड्यांना, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान वर्गातल्या गाड्यांना, लांबी ३४००, रुंदी १४८०, उंची २००० अशी तिन्हीकडून वेसण घातली आहे.

रुंदी नडते कुठे? मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत लहान गाडीची जागा २.३ बाय ४.५ मीटर. शेजारीशेजारी दोन मारुती ८०० मधोमध उभ्या केल्या, तर त्यांच्यात ८६० मिलिमीटर उरतात. माणूस आरामात उतरतो. दोन नेक्सॉनमध्ये उरतात ४९६, दोन स्कॉर्पिओ-एनमध्ये (१९१७) जेमतेम ३८३. एवढ्या फटीतून दार उघडून पोट आत ओढत बाहेर यायचं, आणि कडा शेजाऱ्याच्या गाडीला लागली की सोसायटीच्या मीटिंगला विषय तयार. शिवाय कंपनी सांगते त्या रुंदीत बहुधा आरसे धरलेले नसतात.

वाढ साखळीने होते. बसायची जागा उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो. गाडी वळणावर झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवावं लागतं. उंच गाडीला बारीक चाकं शोभत नाहीत, म्हणून मोठे टायर. मग मोठे ब्रेक, जाड सस्पेन्शन, आणि हे सगळं वजन ओढायला जास्त ताकदीचं इंजिन. दारं जाड झाली ती मात्र बाजूच्या धडकेसाठी, त्यात पोलादी पट्टी असते. तो खर्च रास्तच आहे. पण सगळी रुंदी सुरक्षेच्या खात्यावर टाकू नका: २०२४ची डिझायर १७३५ रुंद असून तिला धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, नेक्सॉनलाही पाचच. अर्थात तारे मिळाले म्हणजे हलकी गाडी जड गाडीशी समोरासमोर बरोबरी करते असं नाही. तिथे वजनच जिंकतं.

लहान गाडीची गंमत वळताना कळते. एमजी कॉमेटची लांबी २९७४, रुंदी १५०५ आणि वळणत्रिज्या ४.२ मीटर, म्हणजे नऊ मीटरच्या रस्त्यावर ती एका दमात यू-टर्न घेते. तिचे टायर १४५/७० आर १२ मापाचे, मारुती ८००चेच! मात्र चौघं बसल्यावर सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. रोज शहरात एकदोघांनी फिरायचं असेल तर चालेल. दर महिन्याला कुटुंबासह गावी जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

गाडी बुक करण्याआधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा. दोन खांबांमधलं अंतर प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजा. नकाशावरचं माप सहसा मध्यरेषांचं असतं. खांब पुढच्या दाराच्या रेषेत येतो की चाकाच्या, हे पाहा. चाकाच्या रेषेत आला तर दार मोकळं उघडतं. टेस्ट ड्राइव्हची गाडी तिथेच आणून लावा आणि चारही दारं उघडा. ड्रायव्हरची सीट आपल्या पायांप्रमाणे मागे सरकवून मग मागे बसून बघा. यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटवरच्या (गाडी ज्यावर उभी राहते त्या पाटावरच्या) पाटीवरची उंची आणि वजन वाचा. वॅगनआर लहान म्हणून घेतात, पण ती १६७५ उंच आहे, नेक्सॉनपेक्षा ५५ मिलिमीटर जास्त, आणि सेडानसाठी आखलेल्या मजल्यावर तिचं छप्पर अडकू शकतं.