पांढरं येऊ दे, थांब

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका कलादालनात कृष्णधवल छायाचित्रांच्या प्रदर्शनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.

नमस्कार. ज्यांची ही छायाचित्रं आहेत, ते समोरच बसले आहेत. बाहेरच्या फलकावर त्यांचं नाव आहे, पण मला ते नाव घेऊन बोलता येणार नाही. मी त्यांना काका म्हणत आले, आजही तेच म्हणणार. महाल भागातल्या त्यांच्या घरात जिन्याखाली डार्करूम होती. कॉलेजात असताना तीन उन्हाळे मी तिथे काम केलं. कला समीक्षक म्हणून मी उभी नाही. ही चित्रं पाण्यातून वर येताना ज्यांनी पाहिली, त्यांच्यातली मी एक आहे.

नागपूरचा मे महिना आणि फोटोग्राफी यांचं जमत नाही. फिल्म धुण्याचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, साधारण वीस अंशांवर वापरायचं असतं, कोष्टकातल्या वेळा त्याच तापमानाच्या असतात. आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर, गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, नख लागलं तरी सुटतो. म्हणून काका पहाटे तीनला उठायचे. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी, बर्फाच्या लादीचा तुकडा, आणि थर्मामीटर.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून एक रोल गेला. डेव्हलपर कोमट झालं होतं आणि मी फिल्म थेट बर्फाच्या पाण्यात घातली. गरमातून एकदम गारात गेल्यावर जिलेटिन आक्रसतं. सगळ्या फिल्मवर बारीक जाळी उमटली, आटलेल्या तलावाच्या तळाला भेगा पडाव्यात तशी. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, एका सकाळचे छत्तीस फोटो होते ते. काका रागावले नाहीत. ती फिल्म त्यांनी सुकवली आणि खिळ्याला टांगली. तीन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. गार पाणी हवं, हे मला माहीत होतं. डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळी पाणी एकाच अंशाची हवीत, हे तेव्हा कळलं.

आता या भिंतीवरचा संत्रा मार्केटचा फोटो घ्या. नागपूरचं संत्रं, आणि त्यात संत्र्याचा रंगच नाही! मला विचाराल तर हे काकांचं सगळ्यात धाडसी काम आहे. साध्या कृष्णधवल फिल्मवर संत्र्याचा नारिंगी आणि पानाचा हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. फळं आणि पानं एकमेकांत मिसळून जातात, ढिगाचा नुसता गोळा दिसतो. काकांनी लेन्सवर नारिंगी फिल्टर लावला. फिल्टर आपल्या रंगाचा उजेड आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो, म्हणून फळं उजळली, पानं काळी पडली. तिरप्या उन्हात सालीवरचं एकेक छिद्र दिसतं. रंगीत फोटोत आपण ‘संत्रं’ म्हणून पुढे गेलो असतो. इथे साल बघावी लागते.

मारबतीचं त्याहून अवघड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं जुनं शहर रस्त्यावर येतं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण पिवळी मारबत कृष्णधवल फोटोत पिवळी कशी दिसणार? ती पांढुरकी होते, आणि तिच्यामागे पावसाळी, पांढुरकंच आभाळ. काळीचं उलट, तिचा चेहरा काजळाच्या गोळ्यासारखा सपाट होतो. दोघी एका चौकटीत आल्या की एकीसाठी उजेड मोजला तर दुसरी जाते. या फोटोच्या प्रिंटवर आम्ही दोन रात्री बसलो होतो. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्या उजेडात काकांचा हात हलत असायचा. काळीच्या चेहऱ्यावर तळव्याची सावली, म्हणजे तिथे उजेड कमी पडून डोळे दिसावेत. मग पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून पिवळीवर जादा उजेड. जवळ जाऊन बघा, काळीच्या कपाळावर रंगाचे ओघळ आहेत. ते निगेटिव्हमध्ये होतेच, पण कागदावर हाताने आणावे लागले.

एम्प्रेस मिलच्या फोटोंबद्दल थोडंच सांगते. 1877 साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल 2002 मध्ये बंद झाली, आता तिथे मॉल आहे. त्या कामगाराच्या पापण्यांवर कापसाचे तंतू अडकलेत, ते तेवढे बघा.

मला खरं बोलायचंय ते टोकाच्या भिंतीवरच्या एका फोटोबद्दल. दसरा, दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी शुभ्र कपड्यांत लाखो माणसं येतात. काकांच्या फोटोत एक म्हातारी आहे. पांढरी साडी, पांढरे केस, मागे पांढऱ्या कपड्यांची गर्दी, वर दुपार. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून हिशेब करतं. त्याचं ऐकलं तर साडी मळकी येणार. मीटरपेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा, तर डेव्हलपर जरा जास्त चढलं तरी सुरकुत्या जाणार, कोरा कागद उरणार.

तो प्रिंट मी काढत होते. लाल दिव्यात कागद ट्रेमध्ये सोडला की आधी काळं उमटतं, म्हातारीच्या डोळ्यांच्या खाचा, चपलांखालची सावली. काळं भरलं की वाटतं, झालं. मी चिमटा लावला. मागून काका म्हणाले, “काळं तं सगळ्यात पह्यले येते, पोरी. पांढरं येऊ दे, थांब.” मी थांबले. मग पदराच्या चुण्या आल्या, मग काठाची वीण, मग हातातल्या पिशवीवरचं रफू. ते रफू पूर्ण दोन मिनिटं व्हायच्या सुमारास दिसलं. ती बाई घरून काय घेऊन, कशी निघाली असेल, हे मला त्या रफूवरून कळलं. आधीच कागद उचलला असता तर भिंतीवर फक्त एक पांढरी बाई राहिली असती.

आणखी एक गोष्ट, आणि ती बोलताना मला त्रास होतो. शहरातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी उशिरा पोहोचले. काचेच्या निगेटिव्ह सोड्याने धुऊन तसबिरींच्या दुकानात गेल्या होत्या. फिल्म चांदीसाठी किलोवर विकल्या होत्या, कारण त्या थरात चांदी असतेच. किती लग्नं, किती बारशी, किती मोर्चे त्यात होते कोण जाणे. तुमच्या घरी डबे असतील तर ते पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढा, साध्या कागदी पाकिटांत घाला, कोरड्या कपाटात ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे. ती लगेच वेगळी करा आणि आधी तिचीच स्कॅनिंग करून घ्या. पाकिटावर पेन्सिलीने गाव आणि साल लिहा. आजी जिवंत आहे तोवर तिला विचारून नावंही लिहा.

आता आपण आत जाऊ. दीक्षाभूमीच्या फोटोपाशी दिवे मुद्दाम मंद ठेवले आहेत. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथे आधी काही दिसणार नाही. दोन मिनिटं उभे राहा. पिशवी खाली, डाव्या कोपऱ्यात आहे.